अवतरणचिन्हांतले ठोसरे

कोणाला मारायचं ठरलं की ठोसरेभाऊ आधी मनगटावरचं घड्याळ काढायचे आणि शेजारी जो उभा असेल त्याच्या हातात द्यायचे. "धर." एवढंच. घड्याळ घेणाऱ्याला त्यातून कळायचं, की आता कोणीतरी मार खाणार आहे आणि तो आपण नाही. मलकापूरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये, कॉम्प्युटरच्या खोलीत, मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसत होतो. त्यामुळे ते घड्याळ बहुतेक वेळा माझ्याच हातात आलं. स्टीलच्या पट्ट्याचं, जड, आतल्या बाजूनं घामानं चिकट.

मी ते इमानदारीनं धरलं. जेव्हा धरायला नको होतं तेव्हाही धरलं. त्याबद्दल आजवर घरातसुद्धा बोललेलो नाही.

नारायण ठोसरे जानेफळकडचे. बुटके, आखूड मानेचे, आणि दंड असे की शर्टाची बाही वर सरकवली की ती आपोआप खाली येत नसे. बुलढाण्याला खोली करून कॉम्प्युटर शिकले होते आणि आमच्या भागात हे शिकलेला माणूस त्या काळी शोधावा लागे. आवाज मात्र बारीक. संतापले की तो आणखी बारीक व्हायचा. नवख्या माणसाला वाटायचं, हा आता नमतं घेतोय. त्या समजुतीत राहिलेल्या बऱ्याच जणांचे दात मी फरशीवर पाहिले आहेत.

खोलीचे कायदे त्यांचे. चपला बाहेर. खिडकी बंद, कारण कापसाची तूस उडून मशीनमध्ये जाते. आत तंबाखूचा खर्रा खायचा नाही. एकदा एका ट्रक ड्रायव्हरनं कोपऱ्यात पिचकारी मारली. ठोसरेभाऊंनी मला घड्याळ दिलं, त्याची मान धरली आणि त्याचं तोंड त्या लाल डागावर घासलं, फरशी कोरडी होईपर्यंत. मग स्वतः जाऊन चहा घेऊन आले आणि त्याच्यापुढे ठेवला.

"लागलं का बे?"

ड्रायव्हरच्या नाकाची सालटं निघाली होती.

"पे. थंडा होऊन राह्यला."

मारून झाल्यावर चहा, हा त्यांचा नेम होता. त्या चहात पस्तावा होता की रुबाब, मला कधी ठरवता आलं नाही. लोक हसून सांगायचे, ठोसरेभाऊचा चहा महाग पडतो. मीही हसायचो. एकदा त्यांच्या घरी जेवायला गेलो असताना मी वहिनींना ही घड्याळाची गंमत सांगितली. त्या ताटात भाकरी वाढत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "घरी घड्याळ काढाले टाइम नसते त्याईले." आणि पदर सरकला तेव्हा कोपराच्या वर पट्ट्याच्या कड्यांचा वण दिसला, एकामागे एक, चौकोनी. ठोसरेभाऊ समोर जेवत होते. त्यांनी मान खाली घातली आणि तो घास बराच वेळ चावला. त्यांना मी थोर ठरवायला बसलेलो नाही, म्हणून हे लिहिलं.

आता कामाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

हंगामात जिनिंगच्या गेटपासून बैलगाड्यांची रांग थेट रेल्वेच्या फाटकापर्यंत जायची. गेटवर बाबाराव बसत. जवळच्या खेड्यातले, घरी थोडी कोरडवाहू, किरकोळ अंगाचे. आलेल्या गाडीला ते नंबर द्यायचे, तोच गेरूनं गाडीच्या जुवावर लिहायचे आणि त्यांच्यासमोरच्या कॉम्प्युटरमध्ये टाकायचे. आत वजनकाट्यावर दुसरा पडदा होता. तिथं नंबर उमटला की काट्यावरचा माणूस पुकारा करी, ती गाडी आत येई आणि तो नंबर पुसला जाई. माणसं दिवसचे दिवस गाडीखाली काढायची. रांगेतल्या दुसऱ्याच्या जुवाला कोणी हात लावत नसे. लावला तर रक्त निघे.

हे नंबर मशीनमध्ये जिथं साठायचे त्याला आम्ही टेबल म्हणायचो. प्रत्येक टेबलला इंग्रजी नाव. आमच्या मशीनची खोड अशी होती, की नाव नुसतं लिहिलं तर ती सगळी अक्षरं मोठी धरून चालायची. नावाच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं दिली तर मात्र मोठं ते मोठं आणि लहान ते लहान, जसं लिहिलं तसंच नाव धरायची. ठोसरेभाऊंनी आपली झाडून सगळी टेबलं अवतरणांत बनवली होती. पहिलं अक्षर मोठं, पुढची लहान. टोकनचं टेबलही तसंच. त्याला हाक मारायची तर दरवेळी तस्संच लिहावं लागे. अवतरणं विसरली की मशीन सरळ सांगायची, अशा नावाचं टेबल इथं नाही.

मशीन ज्यांनी पुरवली त्यांचा एक इंजिनीयर पुण्याहून यायचा. चांगला पोरगा होता. त्यानं हे पाहून कपाळाला हात लावला.

"अहो ठोसरे, नावांना अवतरणं कशाला घालून ठेवलीत? साधी नावं ठेवा. उद्या दुसरं कुणी बसलं इथे, तर त्याला तुमची टेबलं सापडणारसुद्धा नाहीत."

"सापडूच नये."

"पण का?"

"साधं नाव ठेवलं तं कोनीबी ये-जा करते. माह्या नावाले मी कडी लावली हाये. ज्याले कडी उघडता येते त्यानं यावं."

"ती कडी नाहीये हो. ती एक दिवस तुमच्याच बोटांवर बसेल." आणि तो हसला. हसताना त्यानं 'माह्या नावाले' हे शब्द ठोसरेभाऊंच्याच हेलात म्हणून दाखवले.

"धर," ठोसरेभाऊ मला म्हणाले.

त्यांनी त्याला कॉलर धरून भिंतीला टेकवलं ते त्याचे पाय फरशीवरून सुटेपर्यंत. चेहरा जांभळा झाला. मग सोडलं, चहा आणला. तो पोरगा पुन्हा आमच्याकडे आला नाही. त्याचं म्हणणं बरोबर होतं, हे मला त्याच वेळी कळत होतं. मी घड्याळ परत दिलं आणि कामाला लागलो.

त्यांच्या मारण्याची दुसरीही बाजू होती, आणि रांगेतल्या गाडीवाल्यांना ती माहीत होती. एका दलालाच्या माणसांनी भर दुपारी आपला ट्रॅक्टर रांगेच्या मधोमध घुसवला. पुढच्या गाडीचा म्हातारा आडवा झाला, तर त्यांनी त्याच्या बैलाच्या तोंडावर लोखंडी सळई मारली. बैल गुडघ्यावर आला. ठोसरेभाऊ खोलीतून अनवाणी धावले. चपला घालायला थांबले नाहीत, मला घड्याळ द्यायला मात्र थांबले. त्यांनी म्हाताऱ्याच्या गाडीची उभारी, म्हणजे कडेचा लाकडी दांडा, उपसली. पहिली सळई त्यांनी खांद्यावर घेतली. त्यानंतर जे झालं ते मारामारीसारखं नव्हतं, लाकडं फोडण्यासारखं होतं. एकाचा जबडा तिरका झाला तो तसाच राहिला. दुसरा ट्रॅक्टरखाली शिरला, त्याला पाय धरून बाहेर ओढला आणि त्याच पायावर उभारी घातली.

मग ते आत आले, खुर्चीवर बसले आणि बाबारावांनी चुकून मागेपुढे केलेला एक नंबर दुरुस्त करू लागले. कोपरावरून रक्त ओघळून बटणांवर पडत होतं. अवतरणचिन्हाचं बटण लाल झालं होतं.

"रांग म्हनजे रांग," ते म्हणाले. "त्या बुढ्याजवळ दुसरं काय हाये बे? एक नंबर तं हाये."

त्या दिवसापासून गाडीवाल्यांचा भरवसा टोकनवर नव्हे, ठोसरेभाऊंवर बसला. आणि टोकन देणारे म्हणून बाबारावांवरही. गावात बाबारावांना लोक उठून जागा द्यायला लागले.

पुढच्या हंगामात बहिणीकडच्या साखरपुड्यासाठी ठोसरेभाऊ जानेफळला गेले. त्याच दिवशी मॅनेजरनं मला सांगितलं की नंबराबरोबर बैलगाडी की ट्रॅक्टर हेही मशीनमध्ये आलं पाहिजे, आजच्या आज. मी टोकनच्या टेबलला हाक मारली. घाईत अवतरणं दिली नाहीत. मशीन म्हणाली, असं टेबल नाही.

इतकी वर्षं त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला एवढं सुचायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे अवतरणं आली नाहीत, घड्याळ आलं. या वेळी ते दुसऱ्या कोणाच्या हातात होतं. मला वाटलं, टेबल माझ्या हातून उडालं. जानेफळला निरोप पाठवण्याचं धाडस झालं नाही. मी त्याच नावाचं नवं टेबल बनवलं, साधं, अवतरणांशिवाय, आणि बाबारावांच्या गेटवरचे नंबर त्यात जातील अशी सोय केली. वजनकाट्यावर जाऊन पाहिलं तर पुकारा व्यवस्थित चालू होता. मी निर्धास्त होऊन खोलीत परतलो.

काट्यावरचा पडदा ठोसरेभाऊंचंच टेबल वाचत होता. ते कुठं गेलंच नव्हतं. मशीनमध्ये आता एकाच नावाची दोन टेबलं होती आणि मशीनच्या लेखी ती दोन वेगळी माणसं होती. जुने नंबर जुन्यातून पुकारले जात होते, नवे माझ्या टेबलात साचत होते. जुने संपले तशी काट्यावरचा पडदा कोरा झाला. काट्यावरचा माणूस म्हणाला, रांग संपली दिसते. आणि त्यानं मागच्या दारानं व्यापाऱ्यांचे ट्रक आत घ्यायला सुरुवात केली.

बाहेर रांग रेल्वे फाटकापर्यंत उभी होती.

ठोसरेभाऊ एसटीतून उतरून आले तेव्हा आवारात आरडाओरडा चालू होता. गाडीवाल्यांनी आत जाणारे ट्रक पाहिले होते. "बाबारावनं व्यापाऱ्याचं खाल्लं," असं एकानं म्हटलं आणि ते सगळीकडे पसरलं. ठोसरेभाऊ सरळ आपल्या खुर्चीवर बसले. बाबाराव त्यांच्यामागे येऊन उभे राहिले.

"म्या सगळे नंबर टाकले हो ठोसरेभाऊ. एकबी नाही सोडला."

ठोसरेभाऊंनी टेबलचं नाव लिहिलं. अवतरण, मोठं अक्षर, लहान अक्षरं, अवतरण. पडदा कोरा.

त्या कोऱ्या पडद्यावर ती दोन अवतरणं पाहिली आणि मला सगळं कळलं. लगेच, स्पष्ट. मी तोंड उघडलंही होतं.

"टाकले म्हनतो ना?" ठोसरेभाऊंचा आवाज सुईसारखा बारीक झाला होता. "मंग कुठी गेले?"

"देवाची आन हो, मी..."

"धर."

घड्याळ माझ्या तळहातावर आलं. मी मूठ मिटली. तोंडही मिटलं.

त्यांनी बाबारावांना ओढत गेटवर नेलं, गाडीवाल्यांसमोर. तिथं गेटच्या अडसराची लोखंडी कांब टेकवलेली होती ती उचलली. बाबारावांनी डोकं वाचवायला उजवा हात वर केला आणि ठोसरेभाऊ त्या हातावरच मारत राहिले. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. कोरडा, कापसाची वाळकी पऱ्हाटी मोडल्यासारखा. बाबाराव ओरडत नव्हते. "टाकले हो, टाकले हो," एवढंच म्हणत होते. मग हात वर येईना. तेव्हा ठोसरेभाऊ थांबले.

पण त्यांनी जे सुरू केलं होतं ते आता त्यांचं राहिलं नव्हतं. गाडीवाले तुटून पडले. कोणाच्या हातात बैल हाकायची पुराणी, कोणाच्या हातात जुवाची खीळ. बाबारावांना पाय धरून कापसाच्या ढिगापर्यंत फरफटत नेलं. पांढऱ्या ढिगावर लाल रेघ उमटत गेली. कोणीतरी त्यांच्या तोंडात कापूस कोंबत होतं. "खाय, खाय आता," असं म्हणत. ठोसरेभाऊंनी हे पाहिलं आणि त्या गर्दीत शिरले. रिकाम्या हातानं. त्यांनी बाबारावांवर आपलं अंग टाकलं आणि वरचा सगळा मार पाठीवर, डोक्यावर घेतला. एका कानानं ते पुढे कधी ऐकू शकले नाहीत. पोलीस येईपर्यंत ते तसेच पालथे पडून होते, खाली बाबाराव, भोवती कापूस.

मी कॉम्प्युटरच्या खोलीच्या दाराशी उभा होतो. घड्याळ चालू होतं, तळहाताला टिकटिक लागत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत कोणी नसताना मी माझ्या टेबलमधले नंबर त्यांच्या टेबलमध्ये हलवले आणि माझं टेबल पुसून टाकलं. दुपारी काट्यावर पुकारा सुरू झाला. बाबारावांनी तक्रार केली नाही. जिनिंगच्या मालकानं प्रकरण मिटवलं. नंबर सापडले तरी माणसांच्या डोक्यातलं काही बदललं नाही. बाबारावांनी आधी दडवले आणि मार खाऊन मग परत दिले, असं लोक म्हणू लागले. ठोसरेभाऊंनी आठवड्यात नोकरी सोडली. घड्याळ घ्यायला आले तेव्हा डोक्याला पट्टी होती. त्या दिवशी चहा कोणी मागवला नाही.

नंतर बऱ्याच वर्षांनी, गेल्या हंगामात, ते मला मलकापूरच्या एसटी स्टँडवर भेटले. दंड वितळून गेले होते. घड्याळ तेच होतं, पट्टा सैल होऊन मनगटावर फिरत होता. ऐकू येणारा कान माझ्याकडे करून बसले आणि आधी दोन चहा सांगितले.

मारण्याआधीचा चहा मी पहिल्यांदाच पाहत होतो. कप खाली ठेवला आणि बोललो. सगळं. मॅनेजर, विसरलेली अवतरणं, माझं टेबल, मिटलेली मूठ.

त्यांनी आपला चहा संपवला. मग म्हणाले, "मले मालूम हाये."

"काय?"

"त्याच दिवशी संध्याकाळी दवाखान्यातून उठून आलो होतो. चौकीदारानं खोली उघडून देली. नाव लिवलं, अवतरनं न देता. तं तुहं टेबल समोर. भरलेलं. बाबारावनं टाकलेला एकेक नंबर त्यात होता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तं तुले मारा लागलं असतं. त्यानं बाबारावचा हात जुळनार होता का? मारलं कोनं? मीच ना?" त्यांनी सैल पट्टा मनगटावर फिरवला. "अन् मले वाटलं, तू येशील. आज येशील, उद्या येशील."

"बाबारावांना सांगितलंत?"

"पाय धरले त्याचे. म्हटलं, तू खरा होता, मशीन खोटी होती. त्यानं ऐकलं. गाव ऐकत नाही. मशीन काय खोटं बोलते का, म्हनते. त्याईले मानसाचं नाव पाह्यजे."

"तुम्ही माझं नाव सांगू शकला असता."

"ज्याचं नाव त्यानं सांगावं," ते म्हणाले. "मी कडी लावनारा मानूस होतो. लय लावल्या. आता नाही लावत अन् दुसऱ्याची उघडतबी नाही."

मग त्यांनी सांगितलं की हंगामात दर आठवड्याला ते जानेफळहून इथं येतात आणि इथून बाबारावांच्या खेड्याची गाडी पकडतात. बाबारावांना एका हातानं कापूस वेचता येतो, पण गाठोडं बांधता येत नाही. ते बांधून देतात. बाबाराव त्यांच्याशी फारसं बोलत नाहीत. त्यांची बायको पाणी देते. गावचे लोक अजून बाबारावांच्या पोरांना व्यापाऱ्याची पोरं म्हणतात.

गाडी लागली. ते उठले, घड्याळ काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"धर."

मी ते धरलं आणि डोळे मिटले. खरंच मिटले. मार खायची इच्छा इतकी कधी झाली नव्हती. काही झालं नाही. डोळे उघडले तर त्यांनी माझं मनगट पकडलं होतं आणि ते मला गाडीकडे ओढत होते. पकड पहिल्यासारखीच होती.

"चाल. चावडीवर उभा राह्य अन् सांग. अर्ध्या घंट्याचं काम हाये."

"ठोसरेभाऊ, आज नको. पुढच्या वेळी येतो. मुलीच्या सासरचे येणार आहेत घरी..."

हे खरंही होतं. मी हात सोडवला. त्यांच्या पकडीतून हात सुटतो हेच मला नवीन होतं.

मी अजून त्या चावडीवर गेलेलो नाही. म्हणून निदान इथं लिहितो, आणि हे छापून आलं की पहिला अंक त्या गावच्या चावडीवर मी स्वतः नेऊन देईन. नंबर बाबारावांनी टाकले होते. एकही सोडला नव्हता. ते ज्यात हरवले ते टेबल मी बनवलं होतं, आणि हे मला त्यांचा हात मोडण्याच्या आधी कळलं होतं.

त्या दिवशी ठोसरेभाऊ एकटेच चढले. माणसं आत सरकत होती, ते मात्र दारातच दांडा धरून उभे राहिले. कंडक्टरनं घंटी दिली.

"तुमचं घड्याळ," मी म्हणालो.

त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं. "तिकडंच घेऊन ये," ते म्हणाले.

गाडी वळली. दांड्यावरचा तो हात तेवढा बाहेर दिसत होता, उन्हानं काळा झालेला, आणि मनगटावर पट्ट्याच्या जागी एक पांढरी पट्टी.